नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा आक्षेप

(पुणे येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



एखाद्या ख्रिस्ती माणसानं पुण्यात व्यासपीठावर उभं राहून मृत्यू, नरक आणि शेवटचा न्याय यांवर बोलायचं ठरवलं, की निम्म्या श्रोत्यांना वाटतं आता धर्मांतराचं आवाहन होणार, आणि उरलेल्यांना वाटतं आता धर्मांतराबद्दल दिलगिरी व्यक्त होणार. आज दोन्ही होणार नाही. मला एका माणसाचा एक आक्षेप तुमच्यापुढे मांडायचा आहे. आक्षेप संस्कृतात लिहिलेला आहे, लिहिणारा चित्पावन ब्राह्मण आहे, आणि तो पुढे ख्रिस्ती झाला. तेव्हा दोन्ही बाजूंनी त्याला आपला म्हणायला हरकत नसावी. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी त्याला विसरून टाकलं आहे.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे. जन्म 1825, बुंदेलखंडात झाशीजवळ. वाढले काशीत. जॉन म्यूर नावाचे कंपनी सरकारचे एक अधिकारी होते, संस्कृतचे मोठे जाणकार. त्यांनी 1839 साली ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ काढला. ख्रिस्ती धर्म खरा आणि इतर मतं खोटी, हे अनुष्टुभ छंदात सिद्ध करण्याचा प्रयत्न. त्याला पंडितांकडून उत्तरं गेली. त्यातलं सर्वांत धारदार उत्तर नीळकंठशास्त्र्यांचं, 1844-45 च्या सुमाराचं, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. लिहिणाऱ्याचं वय जेमतेम वीस.

ख्रिस्ती धर्मावर टीका आपल्याकडे तेव्हा नवी नव्हती. मुंबईत 1831 साली मोरभट दांडेकरांनी जॉन विल्सन या मिशनऱ्याशी वाद घातला होता. पुढे 1857 च्या आसपास विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी भिडले. पण त्या वादांमध्ये बराच वेळ तुमचा देव कसा, आमचा देव कसा, यात जातो. नीळकंठशास्त्री देवाच्या चारित्र्याकडे वळत नाहीत, ते थेट देवाच्या न्यायाकडे वळतात. ख्रिस्ती मताप्रमाणे जीव एकदाच जन्मतो. मग एक मूल आंधळं का जन्मतं? त्यानं तर अजून काहीच केलेलं नाही. आणि देव सर्वज्ञ असेल, तर अमुक जीव अनंतकाळच्या नरकात जाणार हे त्याला आधीच माहीत असणार. तरीही तो त्या जीवाला निर्माण करतो, मग त्याला दयाळू कसं म्हणायचं? ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचं नाव कधी गेलंच नाही, त्यांचं काय?

या आक्षेपाची ताकद कळायला ख्रिस्ती मत नेमकं काय आहे ते थोडक्यात सांगतो. आम्ही दर रविवारी विश्वासांगीकार म्हणतो, त्यात ख्रिस्त जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येईल असं आहे, आणि शरीराचं पुनरुत्थान आहे. आत्मा देहातून सुटला की काम संपलं, असं आम्ही मानत नाही. मातीला गेलेलं शरीर देव उठवणार असं मानतो. म्हणून आमच्याकडे ‘प्रभूत निजला’ म्हणतात, आणि म्हणूनच ईस्टरच्या पहाटे अनेक मंडळ्या कबरस्तानात जमून उपासना करतात. मेल्यावर प्रत्येकाचा आपापला निवाडा, आणि जगाच्या अंती सर्वांचा मिळून एक. कॅथलिक परंपरा या दोहोंच्या मध्ये शुद्धीकरणाची एक अवस्था मानते, परगेटरी. तिथे गेलेल्यांसाठी जिवंतांनी प्रार्थना करायची, म्हणून 2 नोव्हेंबरला वसईपासून पुण्यापर्यंत थडग्यांवर फुलं आणि मेणबत्त्या दिसतात. प्रॉटेस्टंटांनी ही मधली अवस्था सोळाव्या शतकात काढून टाकली. ती काढण्यामागे पैसे घेऊन पापक्षमेची पत्रं विकण्याचा राग होता, आणि तो रास्त होता. पण त्यामुळे जीवाला दोनच ठिकाणं उरली, आणि दोन्ही कायमची.

हे ‘कायमचं’ काशीच्या पंडिताला सोसवलं नाही. त्याला नरकाची ओळख होती. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरकांची वर्णनं आहेत आणि ती वाचून कुणाची झोप उडाली तर नवल नाही. पण त्या प्रत्येक नरकाला मुदत आहे. पाप फिटलं की सुटका. स्वर्गालाही मुदत आहे; पुण्य सरलं की पुन्हा मर्त्यलोक. एवढं मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं की हिंदू परंपरेत अनंत नरक अजिबात नाही, असं नाही. मध्वाचार्यांच्या मतात काही जीव स्वभावानंच तमोयोग्य आहेत आणि ते अंधतमसात जातात ते कायमचे. महाराष्ट्रात आणि सीमेवर माध्व घराणी काही थोडी नाहीत. तेव्हा ‘आमच्याकडे असलं क्रूर काही नाही’ हे वाक्य टाळ्या मिळवतं, पण पूर्ण खरं नाही.

नीळकंठशास्त्री काशीत विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशी वाद घालत राहिले, बायबल खोडून काढण्यासाठी वाचत राहिले, आणि 14 मार्च 1848 रोजी जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव झालं नेहेम्या गोऱ्हे. पाचच वर्षांत पत्नी गेली, मागे तान्ही मुलगी. पुढे महाराजा दुलीपसिंगांबरोबर ते इंग्लंडला गेले, षड्दर्शनांचं खंडन करणारा ग्रंथ लिहिला, 1870 साली अँग्लिकन चर्चचे पाळक झाले. त्याआधी 1868 साली कलकत्त्याला त्यांची एक पुस्तिका निघाली, तिचा विषय अनंतकाळच्या शिक्षेच्या सिद्धांतावरचे आक्षेप. भूमिका अर्थात सिद्धांताच्या बाजूची.

म्हणजे विशीत ज्यानं आरोपपत्र लिहिलं, त्यानंच त्रेचाळिसाव्या वर्षी बचावाचं वकीलपत्र घेतलं. आक्षेपांची यादी त्यांना दुसऱ्या कुणाकडे मागायला जावं लागलं नसणार. मी हे हेटाळणीनं म्हणत नाही. धर्मांतर केलेल्या माणसाची बुद्धी बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडते, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. गोऱ्ह्यांचं चरित्र वाचणाऱ्याला उलट दिसतं. शंका या माणसाला आयुष्यभर सोडत नव्हत्या. ज्या ख्रिस्ती धर्मसंघात ते उमेदवार म्हणून राहिले, त्याचं अखेरचं व्रत त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही.

याच काळात इंग्लंडमध्ये काय चाललं होतं हे इकडच्या मिशनऱ्यांनी आपल्या श्रोत्यांना फारसं सांगितलं नाही. एफ. डी. मॉरिस या प्राध्यापकाला लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून 1853 साली काढलं, कारण शिक्षा अंतहीन असेलच असं त्यानं म्हणायचं नाकारलं. 1864 साली प्रिव्ही कौन्सिलनं निकाल दिला की अनंत शिक्षेबद्दल वेगळी आशा बाळगणाऱ्या पाळकाला चर्च ऑफ इंग्लंड शिक्षा करू शकत नाही. त्यावर सुमारे अकरा हजार पाळकांनी निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या. अकरा हजार माणसं सह्या करून सांगतात की नरक अनंत आहेच. एखादी गोष्ट डळमळीत झाल्याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. मग 1877 च्या अखेरीस फ्रेडरिक फॅरर यांनी वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रवचनं दिली आणि मेल्यानंतरही जीवाला आशा आहे असं जाहीरपणे म्हटलं. देशभर गदारोळ झाला, पुस्तक निघालं, 1880 मध्ये ऑक्सफर्डच्या पुसींनी त्याला उत्तर लिहिलं. हे फॅरर जन्मले मुंबईत, 1831 साली. वडील चर्च मिशनरी सोसायटीचे, नाशिककडे काम केलेले. नाशिकच्या मिशनऱ्याचा मुलगा लंडनमध्ये नरकाची मुदत संपवू पाहतो आणि काशीचा शास्त्री कलकत्त्यात ती टिकवू पाहतो, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

आता पुण्याकडे येऊ. 1875 हे या शहराचं बोलण्याचं वर्ष. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती त्या वर्षी. दयानंद सरस्वतींनी पुण्यात व्याख्यानं दिली ती त्या वर्षी. आणि मुंबई-पुण्याच्या ब्राह्म व प्रार्थनासमाजी मंडळींपुढे गोऱ्ह्यांनी दिलेल्या चार व्याख्यानांचं पुस्तक निघालं तेही त्याच वर्षी. प्रार्थनासमाजाला एकच दयाळू परमेश्वर हवा होता, अवतार नको, अनंत नरक तर नकोच. गोऱ्ह्यांचं म्हणणं असं की हा दयाळू पिता तुम्ही ख्रिस्ती धर्मातूनच उचलला आहे, मग सोयीचं तेवढं घ्यायचं आणि गैरसोयीचं टाकायचं हे कसं? युक्तिवाद खणखणीत आहे. पण मला राहून राहून वाटतं की समोर बसलेल्या रानडे-भांडारकरांच्या पिढीत त्यांना विशीतला नीळकंठ दिसत असेल.

पुढे ते पंचहौदला राहिले. गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय आणि त्याचा उंच घंटामनोरा तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. या पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ, त्यामुळे मेलेल्यांचा विषय तिथे उपरा नाही. पंचहौद म्हटलं की पुणेकराला 1890 सालचा मिशनमधला चहा आठवतो: गोपाळराव जोशांचा खोडसाळपणा, टिळक, रानडे, गोखले यांच्यापुढे आलेले पेले, मग प्रायश्चित्ताचं महाभारत. चहा प्यालात तर जात जाते की नाही, यावर हे शहर वर्षभर भांडलं. त्याच आवारात राहणारा म्हातारा शास्त्री आयुष्यभर ज्या प्रश्नाशी झगडत होता, तो कुणी विचारल्याची नोंद मला कुठे आढळलेली नाही. गोऱ्हे 29 ऑक्टोबर 1895 ला मुंबईत वारले.

त्यांच्या पत्रांचा आणि पुस्तिकांचा ज्या एका व्यक्तीवर खोल परिणाम झाला, तिच्याकडे वळतो, कारण माझ्या मते आक्षेपाचं उत्तर तिथे आहे. पंडिता रमाबाई 1882 साली पुण्यात आल्या, पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेजला मुलगी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा घेतला म्हणजे सगळं मान्य केलं, असं तिथल्या सिस्टरांना वाटलं होतं. 1885 मधला पत्रव्यवहार वाचा. त्रैक्याचा सिद्धांत मला पटलेला नाही, बायबलात मला दिसत नाही ते मी मानणार नाही, इथल्या भटजींच्या जोखडातून सुटले ती तिथल्या पाद्र्यांच्या जोखडात मान द्यायला नव्हे, असा एकंदर सूर. त्या चर्चमध्ये तेव्हा वर्षातून ठरावीक दिवशी अथानेशियसचा विश्वासांगीकार म्हटला जाई. त्रैक्यावर अमुक प्रकारे विश्वास न ठेवणारा निःसंशय कायमचा नाश पावेल, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं. म्हणजे शब्दशः पाहिलं तर नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या रमाबाईसुद्धा त्या कलमाखाली अडकत होत्या.

पण त्यांचा खरा प्रश्न पाठीमागे होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवल्याबद्दल ज्यांनी रोष ओढवून घेतला, वर्षानुवर्षं कुटुंबाला घेऊन तीर्थाटन केलं, पुराणं सांगितली. 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ. जवळचं सगळं दानधर्मात संपलेलं. अखेर म्हाताऱ्यानं जलसमाधीचा निर्णय घेतला. तो मुलानं थोपवला, पण उपासमारीनं जायचं ते गेलेच. मग आई गेली, मग बहीण. भाऊ श्रीनिवास 1880 साली ढाक्याला वारला. यातलं कुणीही ख्रिस्ताचं नाव घेऊन मेलं नाही. रमाबाईंनी ज्या धर्मात प्रवेश केला, त्याच्या कडक वाचनाप्रमाणे ही चारही माणसं कुठे असायला हवीत हे सांगायला नको.

1907 साली रमाबाईंनी आपली साक्ष लिहून छापली. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये दोन वर्षांपूर्वी मोठं आध्यात्मिक जागरण झालेलं होतं. मुली पापाच्या जाणिवेनं रडत होत्या, अग्नीच्या बाप्तिस्म्याबद्दल बोलत होत्या. रमाबाई स्वतः तोवर तरुणपणीच्या उदार मतांपासून बऱ्याच दूर आल्या होत्या, बायबल अक्षरशः मानणाऱ्यांच्या जवळ. म्हणजे नरकाबद्दल कठोर बोलायला जागाही होती आणि काळही. त्यांनी काय केलं? वडिलांचा शेवट लिहिला. वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेतलं, तुला मी देवाच्या हाती सोपवलं आहे, त्याचीच होऊन राहा, असं सांगितलं. आणि मग रमाबाई म्हणतात की ही प्रार्थना सर्वदयाळू स्वर्गीय पित्यानं ऐकली यात त्यांना शंका नाही; तो पिता कोण हे त्या वृद्ध हिंदू माणसाला ठाऊक नव्हतं, इतकंच.

हे विधान मी अनेकदा वाचलं आहे. त्यात सिद्धांत मोडलेला नाही, कुठल्याही मिशनरी मंडळाला आक्षेप घेता येणार नाही. पण जो देव एका न ओळखणाऱ्याची मरतानाची प्रार्थना ऐकतो आणि तेहतीस वर्षांनी त्याच्या मुलीच्या हातून हजारो अनाथ मुली जगवून ती पुरी करतो, तो देव त्या माणसाला त्याच घटकेला कायमच्या आगीत टाकत असेल, असं त्या विधानानंतर म्हणणं अशक्य होतं. वडील कुठे आहेत हे रमाबाई सांगत नाहीत. सांगण्याचा अधिकार त्या आपल्याकडे घेत नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला देतही नाहीत. गोऱ्ह्यांनी पुस्तिका लिहून जे साधलं नाही ते इथे साधलं आहे, असं माझं मत आहे.

या उत्तराची किंमत कळायला एक जुनी गोष्ट आठवावी लागेल. फ्रान्सिस झेवियर, ज्यांचा देह जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकात आहे. जपानहून परतल्यावर 1552 च्या जानेवारीत कोचीनहून त्यांनी पत्र लिहिलं. यामागुचीचे नवे ख्रिस्ती त्यांना विचारत: आमचे आईबाप, आमचे पूर्वज ख्रिस्ताचं नाव न ऐकता गेले, त्यांच्यासाठी प्रार्थना करून, दानधर्म करून काही उपयोग होईल का? झेवियर म्हणाले, नरकात गेलेल्यांसाठी काहीच करता येत नाही. ती माणसं रडली. झेवियर लिहितात की त्यांचं ते दुःख पाहून त्यांनाही वाईट वाटलं. संत होते म्हणून वाईट वाटलं, पण उत्तर बदललं नाही. त्यांच्या मागे 1442 चा फ्लॉरेन्सच्या परिषदेचा ठराव उभा होता, ज्यात चर्चबाहेरचे सगळे आगीत जाणार असं लिहिलेलं आहे. श्राद्ध करणाऱ्या समाजाला हे उत्तर काय करतं, हे पुण्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागू नये.

आणखी एक मरण याच शहरातलं. डॉ. आनंदीबाई जोशी 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात वारल्या. अमेरिकेत तीन वर्षं राहून, ख्रिस्ती घरात मुलीसारखी राहून, त्या हिंदूच राहिल्या. जाण्यापूर्वी सेरामपूरच्या सभेत तसं जाहीर सांगून गेल्या होत्या. त्यांची रक्षा पती गोपाळरावांनी, ज्यांच्या घरी त्या राहिल्या त्या थिओडिशिया कारपेंटर यांच्याकडे पाठवली. त्या बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरली. दगड आजही आहे. शेवटच्या दिवशी थडगी उघडतील असं मानणाऱ्या त्या ख्रिस्ती बाईनं आपल्या माणसांच्या रांगेत या ख्रिस्ती न झालेल्या मुलीला जागा दिली. तिनं ग्रंथ लिहिला नाही.

इथवर मी नरकाविरुद्धच बोलत आलो. आता थोडी दुसरी बाजू, आणि ती हलक्यानं घेऊ नका.

नीळकंठशास्त्र्यांच्या आक्षेपाला कर्मसिद्धांताचा आधार होता. आंधळ्या मुलाला मागच्या जन्माचं फळ मिळालं, म्हणजे देव निर्दोष. तर्क म्हणून हे नीट बसतं. पण हाच तर्क गावकुसाबाहेरच्या माणसाला काय सांगतो? तुझी महारकी हे तुझंच फळ. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात हाच प्रश्न आहे: जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. काशीच्या पंडिताला हे उत्तर तोकडं वाटलं असेल. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘तुझंच पाप’ ऐकवलं गेलं त्याला ते तोकडं वाटत नाही.

महाराष्ट्रातले बहुसंख्य ख्रिस्ती गोऱ्हे किंवा रमाबाईंच्या घराण्यांतून आलेले नाहीत. त्यांतले पुष्कळ जण नगर, जालना, सोलापूरकडच्या महार-मांग वस्त्यांतून, दुष्काळांतून आलेले आहेत. त्यांना शेवटच्या न्यायाची शिकवण भीती म्हणूनच पोहोचली असेल, असं मला वाटत नाही. लूकच्या सोळाव्या अध्यायात दारात पडलेला लाजर अब्राहामाच्या कुशीत जातो आणि ज्याच्या दारात पडला होता तो श्रीमंत आगीतून पाणी मागतो. ज्याच्या पूर्वजांना पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्यानं हा अध्याय कसा ऐकला असेल याची कल्पना करा. पाटलाचाही न्याय होणार, सावकाराचाही, कलेक्टरचाही, आणि हो, मिशनरी साहेबाचाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाचं जे दृश्य आहे, त्यात मेंढरांना आणि शेरडांना वेगळं करताना राजा कुणालाही त्रैक्याबद्दल विचारत नाही. भुकेल्याला जेवू घातलंस का, उघड्याला पांघरलंस का, आजाऱ्याकडे, तुरुंगातल्याकडे गेलास का, एवढेच प्रश्न. रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या, तेव्हा त्या या परीक्षेचाच पेपर सोडवत होत्या.

म्हणून नरकाची कल्पनाच मोडीत काढा, असं म्हणणाऱ्या सुशिक्षित ख्रिस्त्यांशी माझं जमत नाही. अत्याचार करणारा आणि सोसणारा दोघे मेले की हिशेब बंद, हे सोसणाऱ्याला सांगायला आपण कोण? न्याय हवाच. माझा आक्षेप मुदतीला आहे. ऑगस्टीननं म्हटलं की मत्तयाच्या त्याच वाक्यात जीवनही सार्वकालिक आहे आणि शिक्षाही. एक अंतहीन धरलं तर दुसरंही धरावं लागेल. ॲक्विनसनं म्हटलं की अपराध अनंत देवाविरुद्ध आहे म्हणून शिक्षाही अनंत. पहिला युक्तिवाद मला अडवतो. दुसरा अजिबात अडवत नाही; ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तो जितका मोठा तितकी शिक्षा मोठी, हा मनुस्मृतीचा न्याय आहे, तो आपण सोडून आलो.

चर्चच्या आतही वेगळे आवाज पहिल्यापासून आहेत. तिसऱ्या शतकात ओरिगेनकडे सगळ्यांच्या अखेरच्या सुटकेची शिकवण आहे, तिचा 553 साली निषेध झाला. पण तसंच मानणारा निसाचा ग्रेगरी संतच राहिला. आमच्या विश्वासांगीकारात ख्रिस्त मृतांच्या लोकात उतरला असं कलम आहे, आणि पेत्राच्या पत्रात त्यानं तिथल्या बंदिवान आत्म्यांना घोषणा केली असं आहे. ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांचं काय, या नीळकंठशास्त्र्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला हे कलम हाताशी होतं. ते का वापरलं गेलं नाही, हे मला उलगडत नाही.

विसाव्या शतकानं बरंच काही उघडपणे बदललं. 21 नोव्हेंबर 1964 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं मान्य केलं की जे स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताला ओळखत नाहीत पण प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. दोनच आठवड्यांत पोप सहावे पॉल मुंबईत होते आणि आपल्या भाषणात बृहदारण्यकातली मृत्यूकडून अमृताकडे नेण्याची प्रार्थना म्हणत होते. 1995 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या सिद्धांत-आयोगानं नरकाचा अर्थ यातना असा न घेता अस्तित्वच संपणं असा लावला. 1999 मध्ये दुसरे जॉन पॉल म्हणाले की नरक हे ठिकाण नसून देवापासून स्वतःहून तुटण्याची अवस्था आहे. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगानं बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या तान्ह्या बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत असं मान्य केलं. पुण्यात नगर रस्त्यावरच्या ‘ज्ञानदीप’ संस्थेत आणि बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत तुम्ही हाच प्रश्न घेऊन गेलात, तर दोन वेगळ्या परंपरांतले अभ्यासक भेटतील. त्यांच्याशी जाऊन बोला. दोन्हीकडे माणसं वाद घालायला राजी असतात.

महात्मा फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात एका घराची कल्पना केली आहे. आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका छपराखाली प्रेमानं राहतात. पुस्तक 1891 साली, त्यांच्या मृत्यूनंतर निघालं. या घरातल्या माणसांना मेल्यावर वेगवेगळ्या ठिकाणी पाठवणारा देव फुल्यांनी ‘निर्मीक’ म्हणून स्वीकारला असता असं वाटत नाही. मीही स्वीकारत नाही, आणि हे मी ख्रिस्ती म्हणून सांगतो आहे.

माझा निवाडा असा: विशीतले नीळकंठशास्त्री बरोबर होते आणि त्रेचाळिशीतले नेहेम्या गोऱ्हे चुकीची बाजू लढले, तरी शेवटच्या न्यायावरचा त्यांचा विश्वास खोटा ठरत नाही. आणि नव्यानं ख्रिस्ती झालेल्या कुणाला जर कुणी पाळक त्याच्या मेलेल्या आईबापांचा पत्ता सांगू लागला, तर त्याला एवढंच सुनवावं की कॅथलिक चर्चनं आजवर हजारो माणसांना संत म्हणून जाहीर केलं आहे. अमुक माणूस नरकात आहे, असं अधिकृतपणे एकाही माणसाबद्दल जाहीर केलेलं नाही.